गिनी पिग लघवी करताना कण्हतेय, खाली अंथरलेल्या फ्लीसच्या कापडावर तांबूस डाग. रात्री काय करू?

माशेलकरीण | ९ जुलै, रात्री १०:४५

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे काजू आणि मिरी अशा दोन गिनी पिग आहेत. दोघी माद्या, एकाच वेतातल्या बहिणी. गणेशचवथीला तीन वर्षं पुरी होतील. काजू काल संध्याकाळपासून लघवीला बसली की एक बारीक, ताणलेला आवाज काढते. भुकेची व्हीक-व्हीक मी झोपेतही ओळखते, ही ती नव्हे. पाठ वर करून बसते, थेंबभर होते, दोन मिनिटांनी पुन्हा जाऊन बसते. मागचा भाग ओला असतो आणि त्याला उग्र वास येतो. आज सकाळी फ्लीस बदलताना दोन-तीन तांबूस डाग दिसले.

घोळ असा, की काल लेकीने त्यांना तांबडी भाजी (लाल माठ) घातली होती. सासूबाई म्हणतात, भाजीचाच रंग उतरलाय, उगाच घाबरू नकोस. पण मग ती कण्हते का? किचनच्या काट्यावर रविवारी ९४० ग्रॅम होती, आता ९०५ भरली. खातेय, पण रोजच्यासारखी गवतावर तुटून पडत नाही.

बाहेर पाऊस कोसळतोय आणि या वेळी जवळपास एकही डॉक्टर मिळणार नाही. लेकीच्या घशासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप अर्धं शिल्लक आहे. त्यातले दोन थेंब दिले तर सकाळपर्यंत निभेल का?

म्हापसेकर | ९ जुलै, रात्री १०:५२

ताई, ते सिरप देऊ नका. आधी बाटली फडताळात ठेवा, मग पुढचं वाचा. गिनी पिगला पोटातून अमॉक्सिसिलिन दिलं तर जीव जाऊ शकतो. डॉक्टरकाका इथे असतील तर नीट सांगतील.

पशुवैद्य_काका | ९ जुलै, रात्री ११:२०

म्हापसेकर बरोबर सांगतायत. कारणही सांगतो, कारण घरात औषध शिल्लक असलं की हा मोह सगळ्यांनाच होतो.

गिनी पिगच्या आतड्यात, विशेषतः त्या मोठ्या आंधळ्या आतड्यात, गवत पचवणाऱ्या जिवाणूंची वसाहत असते. तिच्यावरच ते जगतं. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन (क्लॅव्ह्युलॅनिक असलेलं आणि नसलेलं दोन्ही), क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि तोंडाने दिलेली सेफॅलोस्पोरिन अशी प्रतिजैविकं ही वसाहत मोडून टाकतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. काही दिवसांत जुलाब लागतात, अंग गार पडतं आणि प्राणी जातो. मग लोक म्हणतात इन्फेक्शनने गेला. खरं तर तो औषधाने गेलेला असतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नका.

आता रंगाविषयी. गिनी पिगची लघवी मुळातच गढूळ असते. फिकट पिवळी, कधी दुधट. वाळली की चुन्यासारखा पांढरा डाग राहतो. शरीरातलं जास्तीचं कॅल्शियम ते लघवीवाटे टाकतात, म्हणून हे असं दिसतं आणि थोडं असेल तर ते आजाराचं लक्षण नव्हे. शिवाय लघवीतली काही रंगद्रव्यं हवा लागली की केशरी, तपकिरी, अगदी विटकरी होतात. बीट किंवा तांबड्या भाजीने रंग आणखी बदलू शकतो. तेव्हा सासूबाईंची शंका चुकीची नाही.

घरात हायड्रोजन पेरॉक्साइड आहे का? जखम धुवायचं, ३ टक्क्यांचं? काजूला स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या कपड्यावर ठेवा. भाजी पूर्ण बाजूला करा, कारण कच्च्या पाल्याचा रसही पेरॉक्साइडने फेसाळतो आणि फसवतो. ताजा डाग पडला की काजूला उचलून दुसरीकडे ठेवा आणि मगच डागावर एक थेंब टाका. तिच्या अंगाला तो लागता कामा नये. बुडबुडे आले तर रक्त असण्याची शक्यता बरीच. नुसता रंगच असेल तर फेस येत नाही. हा घरचा अंदाज आहे, निदान नव्हे. आणि खरं सांगायचं तर, कण्हणं आणि ३५ ग्रॅमची घट एवढ्यावरच मी तुम्हाला उद्या डॉक्टरकडे जा असं सांगेन, फेस येवो न येवो.

आज रात्री दोन गोष्टी बघा. लघवी होतेय ना, थेंबभर का होईना? आणि खातेय ना? लघवी पूर्ण बंद झाली, पोट टणक लागलं, किंवा खाणं थांबलं, तर सकाळची वाट बघू नका.

माशेलकरीण | १० जुलै, रात्री १२:१५

फेस आला. थोडाच, पण आला. लेक बाजूला बसून होती, तिने कपडा बघितला आणि रडायलाच लागली.

लघवी होतेय. कोथिंबिरीच्या दोन काड्या खाल्ल्या. पाण्याच्या बाटलीकडे दोनदा गेली. सकाळी आठला निघतो.

सागरिका_पेडणे | १० जुलै, सकाळी ६:३०

वाचून पोटात गोळा आला. काय ते कळव गं.

रानवारा | १० जुलै, सकाळी ७:१०

ताई, आमच्याकडे सत्तरी तालुक्यात मुतखड्यावर कुळथाचं कढण आणि उन्हाळी लागली तर धण्याचं पाणी देतात. माझ्या वडिलांचा खडा कढणानेच पडला. शहाळ्याचं पाणीही थंड असतं. सिरिंजने थोडं थोडं देऊन बघा. औषधांपेक्षा बरं, असं आपलं मला वाटतं. राग मानू नका, जनावराला त्रास होऊ नये एवढीच इच्छा.

पशुवैद्य_काका | १० जुलै, सकाळी ८:०५

रानवारा, राग कसला. हे मला दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच, म्हणून सविस्तर लिहितो.

माणसाचे खडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. लहान खडा भरपूर पाणी पोटात गेलं की सुटून पडतो, त्याचं श्रेय कढणाला मिळतं आणि त्यातल्या पाण्यालाही मिळायला हवं. गिनी पिगचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि त्यांची लघवी अल्कधर्मी, पीएच ८ ते ९. असा खडा विरघळवणारं औषध आजवर नाही, ना झाडपाल्याचं ना दुकानातलं. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्याने अगदी बारीक खडा तिच्यात आपोआप पडू शकतो. बाकी काढावाच लागतो.

शहाळ्यात साखर आणि पोटॅशियम आहे, आणि गिनी पिगच्या आतड्याला साखर मानवत नाही. क्रॅनबेरी ज्यूसचंही तेच. कढण म्हणजे शिजवलेलं कडधान्य, ते त्यांचं अन्नच नाही. धण्याचं गार, गाळलेलं, बिनसाखरेचं पाणी विष नाही, पण ते पाजण्यात तीन दिवस गेले तर ते तीन दिवस जंतूंना मिळाले. पाणी वाढवायचंच असेल तर साधं पाणी द्या आणि धुतलेला पाला न पुसता ओलाच घाला.

रानवारा | १० जुलै, सकाळी ८:३०

पटलं. तीन दिवसांचं जे म्हणालात ते लक्षात ठेवतो. काजूला लवकर बरं वाटू दे.

माशेलकरीण | १० जुलै, दुपारी ४:४०

आलो. सगळं लिहिते, कारण पुढे कुणाला तरी लागेल.

पहिल्या दवाखान्यात सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरं बघतो, हिला हात लावून चूक करण्यापेक्षा दुसरीकडे न्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं याचं मला बरंच वाटलं. तिथून पणजीला गेलो, तिथे ससे आणि गिनी पिग बघणाऱ्या डॉक्टर भेटल्या. काजूला टोपलीत फ्लीस घालून नेलं होतं, सोबत मिरीलाही. एकटी नेली तर काजू जास्त घाबरते.

डॉक्टरांनी आधी नुसतं बोटांनी पोट चाचपलं. मूत्राशयावर हात गेल्याबरोबर काजूने तोच आवाज काढला. मग एक्स-रे. खडे पांढरेशुभ्र दिसतात म्हणाल्या, पण काजूला खडा नाही. मूत्राशयाच्या तळाशी थोडा गाळ आहे. सोनोग्राफीत गर्भाशय आणि अंडाशयही बघितलं, ते ठीक. मग बारीक सुईने थेट मूत्राशयातून लघवी काढली. मी डोळे मिटून घेतले होते. जमिनीवरची लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, चालत नाही, लेंड्यांतले आणि केसांवरचे जंतू त्यात मिसळतात, असं त्यांनी समजावलं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि जंतू तिन्ही दिसले. कल्चरचा रिपोर्ट तीन-चार दिवसांनी येईल.

तोवर ट्रायमेथोप्रिम-सल्फाचं पातळ औषध दिवसातून दोनदा आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. दोन्हीचं माप तिच्या आजच्या वजनावर काढलं, ८९८ ग्रॅम.

काका, औषध बरोबर आहे ना? विचारायला संकोच वाटतो, पण विचारते.

पशुवैद्य_काका | १० जुलै, संध्याकाळी ६:१५

बरोबर आहे, आणि संकोच नको. गिनी पिगच्या आतड्याला सांभाळून घेणाऱ्या प्रतिजैविकांत ट्रायमेथोप्रिम-सल्फा आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन ही नेहमीची नावं. मात्रा मी इथे लिहिणार नाही. एकाच नावाच्या दोन बाटल्यांत ताकद वेगवेगळी असते आणि ९०० ग्रॅमच्या जिवात अर्ध्या मिलिलिटरची चूकही मोठी ठरते.

एक्स-रे आधी काढला हे फार चांगलं झालं. खडा आणि इन्फेक्शन बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात: कण्हणं, रक्त, थेंब थेंब होणं. औषधाने चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. अशी दोन-तीनदा औषधं झाल्यावर एक्स-रे काढला की आत खडा सापडतो, असं मी खूपदा पाहिलंय.

माद्यांना हे इन्फेक्शन जास्त होतं, कारण मूत्रमार्ग आखूड आणि त्याचं तोंड गुदद्वाराला अगदी लागून. आतड्यातला ई. कोलाय जंतू सहज वर चढतो. पावसाळ्यात खालचं अंथरूण ओलं राहिलं की त्याला आणखी सोपं जातं.

निळी_छत्री | १० जुलै, रात्री ९:००

माशेलकरीणताई, सोनोग्राफीत गर्भाशय बघितलं हे वाचून बरं वाटलं, कारण आमची गोष्ट त्यापायीच लांबली.

मडगावला आमच्या शेवंतीला, चार वर्षांच्या मादीला, असेच तांबडे डाग पडायचे. कण्हत मात्र नव्हती. दोन वेळा लघवीच्या इन्फेक्शनचं औषध झालं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, रक्त लघवीत मिसळून येतं की वेगळं, गुठळीसारखं? मी नीट बघितलं तेव्हा कळलं की लघवी स्वच्छ आहे आणि रक्त नंतर येतंय. ते गर्भाशयातून होतं. अंडाशयावर गाठीही होत्या. वयात आलेल्या माद्यांत त्या फार आढळतात म्हणे. शस्त्रक्रिया करून गर्भाशय आणि अंडाशय काढले. आता ती सहाची आहे, समोर बसून गवत चावतेय.

मादी असेल तर रक्त नक्की कुठून येतंय हे विचारा. आम्हाला ते पाच महिने कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही.

म्हापसेकर | ११ जुलै, रात्री ११:३०

काल लिहायला बसलो होतो, जमलं नाही. आज लिहितो.

आमचा बोंडू नर होता, साडेचार वर्षांचा. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याचं पाणी पिणं वाढलं. मला वाटलं उकाड्याने असेल. मग खोक्यात पांढरा गाळ दिसू लागला, चिकणमातीसारखा, बोटाला खरखरीत लागणारा. चुन्याचे डाग होतातच असं वाचलेलं, म्हणून सोडून दिलं. डाग आणि गाळ यातला फरक मला माहीत नव्हता. वाळल्यावर पावडर होऊन झटकला जातो तो डाग ठीक. ओला असतानाच रेतीसारखा हाताला लागतो तो ठीक नाही. हे मी नंतर शिकलो.

त्या काळात मी त्याला लसूणघास (ल्युसर्न) घालायचो. एका डेअरीवाल्याकडून ताजा मिळायचा, बोंडू आवडीने खायचा, मलाही आनंद. लसूणघासात कॅल्शियम भरपूर. पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो, मोठ्या नराला रोज नको. दुकानदाराने दिलेल्या खाद्याच्या गोळ्याही लसूणघासाच्याच होत्या.

एका शुक्रवारी तो कोपऱ्यात फुगून बसला. लघवीला जाऊन बसायचा आणि काहीच यायचं नाही. मी म्हटलं शनिवारी सकाळी नेऊ. नराचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद, खडा त्यात अडकला की वाट बंद. मूत्राशय फुगत जातं, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तात विष साठतं. शनिवारी सकाळी नेला तेव्हा डॉक्टरांनी फार प्रयत्न केले. भूल देऊन खडा मागे ढकलून काढलासुद्धा, मोहरीपेक्षा थोडा मोठा. पण तो भुलेतून नीट उठला नाही. दुपारी गेला.

ती एक रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून परवा ताईंचा धागा दिसल्यावर हात थरथरत होते. ज्यांच्याकडे नर आहेत त्यांनी कृपा करून हे पक्कं लक्षात ठेवा: बसतोय पण येत नाही, म्हणजे त्याच तासाला निघायचं. रात्र असो, पाऊस असो, फोन करून कुणालातरी उठवायचं.

माशेलकरीण | ११ जुलै, रात्री ११:५०

दादा, काय लिहू. बोंडूची आठवण आमच्या घरात राहील. तुम्ही सात मिनिटांत उत्तर दिलं होतंत त्या रात्री.

सागरिका_पेडणे | १२ जुलै, सकाळी १०:००

म्हापसेकरदादा, वाचून डोळे भरले.

काका, माझ्याकडे दोन पिल्लं नुकतीच आलीत. आता प्रश्न असा की घालायचं काय? टिमोथी गवत ऑनलाइन मागवलं तर महाग आणि पेडण्याला पोचेपर्यंत पावसात पाकीट दमट झालेलं. इथे भाताचा पेंढा मिळतो, डेअरीवाल्यांकडे नेपियर गवत. आणि तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, पालक हे तर दारातच. क जीवनसत्त्वासाठी पाण्यात थेंब घालायचे का?

पशुवैद्य_काका | १२ जुलै, दुपारी १:३०

पिल्लं आहेत तोवर थोडा लसूणघास चालेल. सहा महिन्यांनंतर गवत हाच मुख्य आहार, ताटातला बहुतेक भाग गवताचा.

भाताचा पेंढा अंथरायला ठीक, खाण्यात जीव नाही. नेपियर कोवळं असताना कापलेलं, चिरून, चालतं. हरळी, म्हणजे दुर्वा, उत्तम. फक्त रस्त्याकडेची नको, कुत्र्यांनी मुतलेली आणि धूर खाल्लेली असते. पावसाळ्यात खरी काळजी बुरशीची. गवताला कोंदट वास आला, आत करडी धूळ उडाली, तर कितीही महाग असलं तरी फेकून द्या. कोरड्या दिवसांतलं गवत हवाबंद डब्यात भरून ठेवणं आणि पावसाळ्यात ताजं गवत धुऊन, निथळून, पंख्याखाली पसरून घालणं, एवढं आपल्या हवेत जमतं.

तांबडी भाजी आणि पालक दोन्हींत ऑक्झलेटही जास्त आणि कॅल्शियमही. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम फारच. पंधरा दिवसांतून एखादं पान गेलं म्हणून काही होत नाही, रोजच्या ताटात नको. काजूसारखीला, जिच्या मूत्राशयात आधीच गाळ आहे, मी काही महिने अजिबात देणार नाही. मात्र कॅल्शियम शून्यावर आणायचा प्रयत्नही करू नका, हाडांना आणि दातांना ते लागतं. कॅल्शियमइतकंच पाणी महत्त्वाचं. ९०० ग्रॅमच्या जनावराच्या पोटात दिवसाला साधारण ९० मिलिलिटर पाणी जायला हवं, पाल्यातलं धरून. बाटलीची नळी चिकटली आणि दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नाही, हे मी किती घरांत पाहिलंय. बाटलीसोबत एक जड मातीचं भांडंही ठेवा.

क जीवनसत्त्व माणसाप्रमाणे त्यांनाही स्वतःला बनवता येत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात वरच्या बाजूचं. कमी पडलं की हिरड्या, सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत आणि जंतूंशी लढायची ताकद जाते. पाण्यात थेंब घालू नका. उजेडात ते लवकर नासतं, आणि चव बदलली म्हणून जनावर पाणीच कमी पितं, म्हणजे दुप्पट नुकसान. २५ ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत साधारण २० मिलिग्रॅम मिळतं, एका गिनी पिगचं दिवसाचं काम झालं. पेरूची एक पातळ फोड अधूनमधून. खाद्याच्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघा, उघडून तीन महिने दमट हवेत राहिलेल्या पाकिटातल्या क जीवनसत्त्वावर विसंबू नका.

माशेलकरीण | १३ जुलै, सकाळी ७:४५

मदत हवी. काजू कालपासून फार कमी खातेय. आज वजन ८७६. लेंड्या लहान, कोरड्या झाल्यात. औषध तोंडात घातलं की बाहेर काढते. कण्हणं मात्र कमी झालंय.

पशुवैद्य_काका | १३ जुलै, सकाळी ८:००

डॉक्टरांना आत्ता फोन करा, लेंड्यांचं नक्की सांगा. गिनी पिगचं आतडं रिकामं राहू शकत नाही, बारा-चौदा तास उपास घडला की ते मंदावतं आणि मग प्रकरण लघवीपुरतं राहत नाही.

परवानगी मिळाली की भरवायला सुरुवात करा. तिच्या नेहमीच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, चमच्याने घोटून सरसरीत करा. १ मिलिलिटरची सिरिंज, सुई काढलेली. काजूला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या, समोरून नको. पुढच्या दातांच्या मागे गालाकडे जी मोकळी जागा आहे तिथून बाजूने आत, थेंब थेंब. चावते, गिळते, मग पुढचा थेंब. घाई केली तर श्वासनलिकेत जाईल. उताणं कधीच धरू नका. किलोमागे दिवसाला ५० ते ८० मिलिलिटर, पाच-सहा वेळांत वाटून.

औषध बाहेर टाकते ते चवीमुळे. औषधानंतर लगेच ढोबळीचा तुकडा द्या.

माशेलकरीण | १४ जुलै, रात्री ९:२०

डॉक्टरांनी हेच सांगितलं, वर मेलॉक्सिकॅमची वेळ बदलली आणि आतड्याच्या हालचालीसाठी एक औषध जोडलं.

पहिल्या वेळी अर्धं माझ्या साडीवर, अर्धं टॉवेलवर. तिसऱ्या वेळेपर्यंत तिने सिरिंज ओळखली आणि स्वतःच चाटायला लागली. सासूबाई रात्री दोनला उठून मांडीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, तू झोप, तुला उद्या शाळा आहे. तांबड्या भाजीचं त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

आज वजन ८८१. लेंड्या अजून लहान पण संख्येने जास्त. दुपारी तिने आपणहून दुर्वा ओढल्या.

निळी_छत्री | १४ जुलै, रात्री ९:४०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

माशेलकरीण | १६ जुलै, दुपारी ३:००

कल्चर आलं. ई. कोलाय. सुरू असलेलं औषध लागू आहे असंच निघालं. काकांनी जे लिहिलं होतं तेच. एकूण एकवीस दिवस द्यायचं, बरी दिसली तरी मधेच थांबवायचं नाही, आणि संपल्यावर आठवड्याने पुन्हा लघवी तपासायची.

आम्ही काय काय बदललं ते लिहिते. फ्लीस आता दिवसातून दोनदा बदलतो. पावसात वाळत नाही, म्हणून वरून इस्त्री फिरवते, पूर्ण कोरडं झाल्याशिवाय खाली घालत नाही. पिंजरा मागच्या पडवीत होता, तिथे भिंतीला ओल येते. आत बैठकीच्या खोलीत आणला. मागचे केस डॉक्टरांनीच बारीक कापून दिले, रोज संध्याकाळी कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून कोरडं करते. आणि वजनाची वही. लेकीने आखली. आजारपणात रोज, मग दर रविवारी. तोंडाने काही न सांगणाऱ्या जिवाचं एवढं एकच बोलणं आपल्याला नेमकं वाचता येतं, असं मला आता वाटतं.

कुडचडेकर | १८ जुलै, रात्री ८:१०

मध्येच विचारतो. माणसांच्या लघवीच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. त्यांनी घरीच तपासता येईल का, म्हणजे दर वेळी पणजीला धावायला नको?

पशुवैद्य_काका | १८ जुलै, रात्री ९:००

रक्ताचा चौकोन उपयोगी पडतो. बाकी रंग माणसाच्या मापाने वाचू नका. पीएच ८-९ बघून घाबराल, ते त्यांचं नेहमीचं आहे. आणि इतक्या अल्कधर्मी लघवीत प्रथिनाचा चौकोन उगाचच रंगतो. बरं झाल्यानंतर लक्ष ठेवायला पट्टी ठीक, निदानाला नाही.

माशेलकरीण | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

औषध संपून आठ दिवस झाले. आज लघवी तपासली: जंतू नाहीत, रक्त नाही. गाळ थोडा आहे, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.

सागरिका_पेडणे | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३५

देव पावला!

रानवारा | ७ ऑगस्ट, रात्री ८:००

फार आनंद झाला. एक सांगतो, चवथ जवळ आलीय. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापाल्याची चौकट, उतरवल्यावर मुलं त्यातलं रानफळ, पाला जनावरांपुढे टाकतात. माटोळीतल्या घागऱ्या (रानझुडपाच्या शेंगा) यकृताला विषारी असतात, गुरांनाही बाधतात. काजू-मिरीपासून आणि सागरिकाताईंच्या पिल्लांपासून लांब ठेवा. रानातलं मला जेवढं कळतं तेवढं विचारत चला.

पशुवैद्य_काका | ७ ऑगस्ट, रात्री ८:२०

रानवारा, हे मला सुचलं नसतं. धन्यवाद.

म्हापसेकर | ७ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, वजन किती भरलं?

माशेलकरीण | ७ ऑगस्ट, रात्री १०:२५

९४६, दादा. आत्ता लेक पिंजऱ्याजवळ कान लावून बसलीय. काजू कोपऱ्यात जाऊन आली, आवाज नाही. मिरीच तेवढी ओरडतेय, तिला ढोबळी हवी आहे.